दरबारी खरूज

मला झालेली खरूज दरबारी होती, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर निदान खाजवताना मी पाठ ताठ ठेवली असती.

सुरुवात बोटांच्या बेचक्यांत झाली. मग मनगटं, मग कंबर, आणि शेवटी पाठीच्या बरोब्बर मधोमध एक अशी जागा, जिथे वरून हात घातला तर पोचत नाही आणि खालून घातला तर अडकतो. देवानं माणसाला दोन हात दिले, पण लांबी ठरवताना त्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. दाराच्या चौकटीला पाठ घासताना आमच्या हिनं, म्हणजे माधवीनं, मला दोनदा पकडलं.

"अहो, काय चाललंय? म्हशीसारखे काय घासताय?"

"व्यायाम करतोय," मी म्हणालो.

मी खोटं बोललो त्याला कारण होतं. मी सहकारी बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेला माणूस. देवासला राजाच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती; आमचे पणजोबा थोरल्या पातीच्या दरबारात होते. नेमके कोण होते, हे घरात कुणी सांगत नाही, त्यामुळे फार मोठे असावेत. अशा घराण्यातल्या माणसाला मधुमेह होऊ शकतो, रक्तदाब होऊ शकतो, अगदी गाऊटही चालून जातो. खाज? छे! त्यात आमच्या अनन्याचं लग्न नुकतंच धारच्या तात्यासाहेबांच्या राजवर्धनशी ठरलं होतं. धारला जाऊन सुपारी फोडून आलो होतो आणि साखरपुडा देवासला आमच्या दारी व्हायचा होता. तात्यासाहेबांचं घराणं खरोखरीचं दरबारी. त्यांच्याकडे पणजोबा काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे 'खरजेवाल्यांची पोर' असं एकदा नाव पडलं की ते माझ्या लेकीच्या पदराला जन्मभर चिकटलं असतं. मला रात्रंदिवस तीच धास्ती होती.

म्हणून मी गुपचूप उपचार सुरू केले. शेजारचे दत्तोपंत हे निवृत्त शिक्षक. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. मी भिंतीआडून नुसतं विचारलं, "समजा एखाद्याच्या अंगाला खाज येत असेल तर?"

"कुणाच्या?"

"एखाद्याच्या हो. बँकेतला जुना माणूस आहे."

"त्याला सांगा, रक्त तापलंय. कडुलिंबाचा रस उपाशीपोटी घ्या, आणि गंधक खोबरेल तेलात खलून लावा. आणि बापूसाहेब, त्याला म्हणावं, चौकटीला घासू नका, रंग जातो."

कडुलिंबानं तोंडाची चव गेली. गंधकानं अंगाला असा वास सुटला की माधवीनं गॅसचं सिलिंडर बदलून आणायला लावलं. मग मी चौकातल्या मेडिकलवाल्याकडे गेलो. तो आमच्याकडे 'भिया' म्हटल्याशिवाय कुणाला गोळी देत नाही.

"ये लगाओ भिया, जादू है जादू. दाद, खाज, खुजली, सब एक ट्यूब में साफ."

आणि खरंच जादू झाली. तीन-चार दिवस खाज एकदम बसली. मी इतका खुशीत आलो की चौकात उभं राहून पोहे-जलेबी खाल्ली आणि दत्तोपंतांनाही खिलवली. मग ती परत आली ती अख्खं खानदान घेऊन. पोटावर आली, मांड्यांवर आली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माधवीच्या मनगटावर आली. दुसऱ्या दिवशी जेवताना अनन्या वाटीच्या कडेनं कोपर खाजवू लागली. माझ्या आईसाहेब, भवानीबाई, वय ऐंशीच्या पुढे, जपमाळ ओढता ओढता मधेच थांबून म्हणाल्या, "बापू, या घरात डास फार झालेत. आणि दिसत कसे नाहीत मेले?"

गुपित राखण्याच्या नादात मी सगळ्या घरात वाटप केलं होतं.

डॉक्टर शोधतानाही आमची अब्रू आडवी आली. देवासमध्ये मराठी डॉक्टर नको, कारण ती बातमी महाराष्ट्र समाजाच्या हॉलमध्ये आमच्याआधी पोचते. हिंदी डॉक्टर नको, कारण तो बँकेचा जुना खातेदार निघतो. शेवटी अनन्याच मला हाताला धरून डॉक्टर देवश्रींकडे घेऊन गेली. बाई तरुण, चष्मेवाल्या, बोलायला रोखठोक. त्यांनी माझ्या बोटांच्या बेचक्यात भिंग लावून पाहिलं आणि जणू जुनी मैत्रीण भेटल्यासारख्या हसल्या.

"खरूज आहे काका. क्लासिक!"

इतक्या कौतुकानं मला आजवर कुणी क्लासिक म्हटलेलं नव्हतं.

"पण डॉक्टर, आमच्याकडे स्वच्छता फार पाळतात हो."

"तिला काही फरक पडत नाही. आठ पायांचा एक बारीक किडा आहे, कातडीत बोगदा खणतो, त्यात अंडी घालतो. राजाच्या कातडीतही खणतो. तुम्ही आधी काय लावलंत?"

मी ट्यूब दाखवली. बाईंनी कपाळाला हात लावला. "यात स्टिरॉइड आहे. यानं फक्त सूज दबते. किडे मजेत राहतात, वर वाढतात. तुम्ही त्यांना गादी-उशी दिलीत काका."

मग त्यांनी औषध समजावलं, आणि मी बँकेत सर्क्युलर ऐकायचो तसा मान डोलावत ऐकत राहिलो. मलम मानेखालून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं. खाजतं तिथेच नाही, सगळीकडे. नखांखाली, बेंबीत, दोन बोटांच्या मधे. रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं, आठवड्यानं परत. ते किड्याच्या नसा उघड्याच ठेवतं, त्यांना मिटू देत नाही. किडा लुळा पडतो आणि मरतो. माझा आजार जुना आणि पसरलेला, म्हणून मला सोबत गोळीही. तीही त्याला लुळाच करते, पण दुसऱ्या दारानं शिरून. मात्र गोळीनं अंडी मरत नाहीत, म्हणून ती अंडी फुटून पिल्लं बाहेर आली की पुन्हा एकदा घ्यायची.

"आणि माणूस लुळा पडत नाही?" मी घाबरून विचारलं.

"नाही. ती गोळी माणसाच्या मेंदूपर्यंत सहसा पोचत नाही."

"बाबांच्या बाबतीत तर काळजीच नको," अनन्या म्हणाली. पोरीला आजकाल धारचं वारं लागलंय.

"आणि हे नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या, "घरातल्या सगळ्यांनी एकाच संध्याकाळी लावायचं. खाज असो-नसो. एक जण राहिला की खेळ पहिल्यापासून. मेलेले किडे कातडीतच राहतात, त्यामुळे बरं झाल्यावरही काही आठवडे खाज येईल. घाबरायचं नाही, परत परत मलम फासायचं नाही. आता सांगा, पहिल्यांदा होते तेव्हा महिना-दीड महिना काही जाणवत नाही. म्हणजे खाज सुटायच्या तेवढं आधी कुणाच्या अंगालगत राहिला होतात? कुणाचे कपडे घातले होते?"

आणि माझ्या डोळ्यांपुढे अंगरखा उभा राहिला.

तात्यासाहेबांच्या घरी एक रिवाज आहे. धारच्या दरबारातून त्यांच्या आजोबांना मिळालेला मखमली जरीचा अंगरखा आहे. सुपारी फुटली की तात्यासाहेब तो आधी स्वतः घालून बसतात, मग अंगातून उतरवून गरमागरम नव्या व्याह्याच्या अंगावर चढवतात आणि फोटो निघतो. दोन मिनिटांचा कार्यक्रम. मी तो संध्याकाळपर्यंत घालून बसलो होतो. जेवलो त्यातच, आडवा झालो त्यातच. माधवी दोनदा खुणावत होती, "अहो, काढा ना आता." पण आरशात मी पहिल्यांदाच माझ्या पणजोबांसारखा दिसत होतो, म्हणजे ते कसे दिसत असावेत असं मला वाटायचं तसा. निघताना तात्यासाहेबांनी हसत हसत जवळजवळ ओढूनच काढून घेतला.

"मग धारच्या मंडळींनाही औषध घ्यावं लागेल," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "नाहीतर साखरपुड्याला गळाभेट झाली की परत तुमच्याकडे."

मला घाम फुटला. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला सांगायचं की तुमच्या खानदानी अंगरख्यात खरूज आहे! आणि नाही सांगायचं तर व्याहीभेट. आमच्यात साखरपुड्याला दोन्ही व्याही भर मांडवात कडकडून भेटतात, एकमेकांना गुलाल लावतात. मुलीच्या बापानं मिठी टाळली तर मुलाकडची मंडळी दारातून परत फिरल्याची उदाहरणं आईसाहेब तोंडपाठ सांगतात.

"मी बघतो काय ते," मी म्हणालो. मी 'बघतो' म्हटलं की बँकेत फाइल दोन वर्षं हलायची नाही. अनन्यानं माझ्याकडे पाहिलं आणि फोन घेऊन दाराकडे गेली.

घरी बैठक बसली. आईसाहेबांनी सगळं ऐकून निकाल दिला, "हे धाकट्या पातीकडचं आहे. आपल्यात असलं नसतं." ते धारहून आलंय हे सांगायची माझी छाती झाली नाही. त्यांनाही गोळी लिहून दिली होती आणि ती वजनावर ठरायची. त्या काट्यावर चढेनात. "आमच्या घराण्यात तुला होते ती सोन्याशी. रद्दीवाल्यासारखं काय वजन करता?" शेवटी चढल्या त्या काठी, पानाचा डबा आणि जपमाळेची गोमुखी घेऊन. मी सगळं वजा करत बसलो.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जी शांतता होती तशी गणपती विसर्जनानंतरही नसते. चौघं चार कोपऱ्यांत मलम फासून, कुठेही न टेकता, पुतळे होऊन बसलेलो. दारावर दत्तोपंतांची थाप पडली.

"बापूसाहेब, सेव आणलीय रतलामहून!"

"पायरीवर ठेवा," मी आतून ओरडलो. "आम्ही सगळे… मौनात आहोत!"

खरी गंमत सकाळी झाली. अंथरुणं, पांघरुणं, कपडे, सगळं उकळत्या पाण्यातून काढून गच्चीवर वाळत घालायचं होतं. त्यात साखरपुड्यासाठी आणलेला माझा गुलाबी फेटाही गेला आणि त्याचा रंग आईसाहेबांच्या पांढऱ्या लुगड्यांवर उतरला. त्या दिवसापासून आमच्या मातोश्री फिकट गुलाबी रंगात जप करताहेत. गच्चीवर सात रजया, अकरा चादरी पाहून अख्खी गल्ली मान वर करून उभी राहिली. दत्तोपंत तर जिना चढूनच आले.

"काय हो हे?"

मला एकदम सुचलं तेवढंच बोललो, "ढेकूण!"

ढेकूण मला त्या क्षणी फार खानदानी वाटला. निदान तो पलंगात राहतो, आपल्या अंगात घर करत नाही.

दत्तोपंत मनाचे मोठे. त्यांनी माझ्यावर उपकार म्हणून माझ्या नावानं, माझा नंबर देऊन, सरकारी हेल्पलाइनवर तक्रार ठोकली : अमुक गल्लीत ढेकणांचा प्रकोप, नागरिक त्रस्त. दुसऱ्याच दिवशी मला फोन आला. "सर, आपकी शिकायत पर हुई कार्रवाई से आप संतुष्ट हैं?" मी सरळ माणूस. म्हणालो, "कार्रवाई तो कोई हुई ही नहीं." झालं! तक्रार वरच्या साहेबाकडे गेली. त्यानं खालच्याला झापलं. खालच्यानं निगमचा, म्हणजे महापालिकेचा, सफाई दरोगा (तुमच्याकडचा मुकादम) माझ्याकडे धाडला. बिचारा पाठीवर फवाऱ्याचा पंप बांधून दारात उभा.

"खटमल किधर हैं, साब?"

"नहीं हैं भिया. शिकायत बंद कर दो."

"ऐसे कैसे बंद कर दें? आप फोन पे बोलोगे संतुष्ट, तब बंद होगी. और संतुष्ट तब होगे जब हम छिड़केंगे. और छिड़केंगे तब जब खटमल दिखेंगे."

फोन येईना आणि दरोगा जाईना. बँकेत मी आयुष्यभर लोकांना असंच फिरवलं, ते मला तेव्हा आठवलं. दरोगा रोज यायचा, माधवी त्याला रोज चहा द्यायची. आठवडाभरात त्याला आमच्या घरात साखर कुठे ठेवतात ते माझ्याआधी माहीत झालं.

इकडे दुसऱ्यांदा मलम झालं, दुसरी गोळी झाली. पुरळ बसत आली. फक्त पाठीमधली ती जागा काही ऐकेना. डॉक्टरांचं म्हणणं डोक्याला पटत होतं, पाठीला पटत नव्हतं. आणि धार? धारला मी चार वेळा फोन लावला. दर वेळी तात्यासाहेबांचा खणखणीत आवाज, "बोला बापूसाहेब!" आणि मी गव्हाची विचारपूस करून फोन ठेवून द्यायचो. पाचव्यांदा तर त्यांनीच विचारलं, "अहो, तुम्हाला पोतं पाठवू का?"

शेवटी मी तोड काढली. मिठीच मारायची नाही. साखरपुड्याच्या सकाळी मी उजवा हात गळपट्टीत अडकवला. खांदा आखडलाय म्हणायचं, लांबूनच नमस्कार. माधवीनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"आणि त्यांना काय वाटेल? तुमच्या खांद्यापायी पोरीला तिथे काय ऐकावं लागेल, विचार केलात?"

"तिच्यासाठीच करतोय गं सगळं," मी म्हणालो, आणि माझा आवाज खरोखरच भरून आला. "परत त्या चक्रात घालू का तिला?"

मंडळी आली. मांडव भरला, दाल-बाफल्यांचा वास सुटला. मी दारात स्वागताला उभा, फेटा बांधलेला, रंग उडालेला. दत्तोपंत मोठ्यानं म्हणाले, "बापूसाहेब, पायरीवर भेटलो तेव्हा गळपट्टी उजव्या हाताला होती ना?" मी पाहिलं. पाठ खाजवायला मधे काढली होती, घालताना हात बदलला होता. माझं मलाच कळेना, आता दुखावं कुठे.

तात्यासाहेब गाडीतून उतरले. उंच, पांढऱ्या मिशा, साधा बंद गळ्याचा कोट. अंगरखा नव्हता. एवढ्या गडबडीतही माझ्या ते लक्षात आलं. गुरुजी म्हणाले, "व्याह्यांची भेट होऊ द्या." वाजंत्री सुरू झाली. फोटोग्राफर पुढे सरसावला. आणि नेमका तेव्हाच दरोगा पंपासकट मांडवात शिरला.

"साब! ऊपर से फोन आया है. आज लास्ट डेट है. खटमल दिखा दो, नहीं तो मेरी नौकरी जाएगी!"

वाजंत्री थांबली. धारची पन्नास माणसं माझ्याकडे पाहत राहिली. कुणीतरी बाई पुटपुटली, "अगंबाई, ढेकूण?" माझ्या कानांच्या पाळ्या जळायला लागल्या. पणजोबांपासून जमवलेली सगळी अब्रू त्या फवाऱ्याच्या नळीतून वाहून गेली. मी एक हात गळ्यात अडकवून, दुसरा जोडायला शोधत, मान खाली घालून उभा राहिलो. माझ्यामुळे पोरीचा हा दिवस नासला, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात तात्यासाहेब तीन ढांगांत पुढे आले. त्यांनी माझी गळपट्टी सरळ मानेवरून काढून टाकली आणि मला अशी मिठी मारली की फेटा मागे पडला.

"सोडा तात्यासाहेब," मी त्यांच्या खांद्यात कुजबुजलो, "मला… मला एक सांगायचं होतं…"

"माहितीय," ते माझ्या कानात म्हणाले. "अनन्यानं डॉक्टरांच्या दारातूनच राजवर्धनला फोन केला होता. त्याच संध्याकाळी आमची अकरा माणसं मलम फासून बसली होती. दुसरा हप्ताही झाला. अंगरखा हवाबंद पेटीत घातलाय. मी तुम्हाला कसं तोंड दाखवू म्हणून मरत होतो हो! तुम्ही चार-चारदा फोन करून नुसता गहू विचारत होता, मला वाटलं थट्टा करताय."

त्यांच्या खांद्यावरून मला अनन्या दिसत होती. राजवर्धनच्या शेजारी उभी राहून ती आमच्याकडे बघून तोंडावर पदर धरून हसत होती, आणि तोही हसत होता. खरं सांगतो, गेला महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा तिथेच उतरला. ज्या घरात पोरीला खरजेचं सांगता येतं, त्या घरात तिला सगळंच सांगता येणार होतं.

"खाज अजून आहे?" तात्यासाहेबांनी हळूच विचारलं.

"पाठीत," मी म्हणालो. "मधोमध."

"माझीही तिथेच. हात पोचत नाही." त्यांचा श्वास जड झाला. "डावीकडे की उजवीकडे?"

"जरा वर. हां… थोडं डावीकडे…"

आणि धारच्या दरबाराचा तो रुंद पंजा, पाचही नखांसकट, बरोब्बर त्या जागी पडला. माझे डोळे आपोआप मिटले. मीही माझा हात त्यांच्या कोटावरून वर नेला आणि त्यांचा अंदाज घेत घेत उजव्या खांद्याखाली पोचलो. "हां!" तात्यासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. भेट लांबतच गेली. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. गुलाबी लुगड्यातल्या आईसाहेब म्हणाल्या, "असं प्रेम मी थोरल्या पातीतसुद्धा पाहिलं नाही." फोटोग्राफर फोटो काढत सुटला.

इतक्यात माझ्या खिशातला फोन वाजला. दरोग्यानं धावत येऊन तो काढला, चालू केला आणि माझ्या कानाला लावून हात जोडून उभा राहिला.

"सर, आपकी शिकायत पर हुई कार्रवाई से आप संतुष्ट हैं?"

तात्यासाहेबांची नखं नेमकी तेव्हा त्या जागेवर पुन्हा एकदा, खालपासून वरपर्यंत फिरली.

"जी," मी डोळे मिटूनच म्हणालो, "पूरी तरह संतुष्ट."